कमावता हात गेला तर घर कशावर उभे राहील? तरुण कुटुंबासाठी आयुर्विमा निवडताना

संविधान सभेपुढे मांडण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या वतीने 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. शेतीचे राष्ट्रीयीकरण आणि मूलभूत उद्योग सरकारकडे, या त्यातल्या मागण्या कार्यकर्त्यांना पाठ असतात. त्याच यादीत विम्याचीही एक मागणी आहे, तिच्याकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. विमा व्यवसाय पूर्णपणे शासनाच्या हाती असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा करावा, असे बाबासाहेबांनी त्यात सुचवले होते. माणसाला सुरक्षितता मिळेल आणि देशाच्या नियोजनाला भांडवल मिळेल, असा त्यामागचा दुहेरी विचार होता.

यातला अर्धा भाग त्यांच्या हयातीत प्रत्यक्षात आला. २४५ खासगी कंपन्या व सोसायट्या ताब्यात घेऊन १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ, म्हणजे एलआयसी, सुरू झाले. त्यानंतर दीड महिन्याने नागपूरला धम्मदीक्षा झाली. विम्याची सक्ती मात्र कधीच आली नाही. पुढे १९९९ च्या कायद्याने खासगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले आणि विमा ज्याचा त्याने निवडायचा, अशी आजची स्थिती आली. सरकारी नोकरीत असलेल्याला खात्याची काही सोय असते. यंत्रमागावर, टॉवेल कारखान्यात, रिक्षावर किंवा बांधकामावर राबणाऱ्याला स्वतःच विचारपूस करून ठरवावे लागते.

सोलापुरात आम्ही बुधवार पेठेतल्या मिलिंद नगरापासून विडी घरकुलापर्यंतच्या वस्त्यांत काम करतो. इथे तिशीच्या आतले लग्न झालेले, एक-दोन लहान मुले असलेले तरुण मोठ्या संख्येने आहेत. यातल्या अनेकांकडे विमा नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांच्यापैकी बहुतेकांना आपला विमा नेमका किती रकमेचा आहे हे सांगता येत नाही, हप्ता किती आहे तेवढे सांगता येते. हा लेख त्या तरुण कुटुंबांसाठी आणि त्यांना सल्ला देणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आहे. बाबासाहेबांच्या सूचनेतले 'वेतनाच्या प्रमाणात' हे शब्द धरून चाललो तर निवड सोपी होते.

विमा कोणाचा काढायचा?

ज्याच्या कमाईवर घर चालते त्याचा. उत्तर सोपे आहे, पण आपल्याकडे उलटे घडते. मूल जन्मले की ओळखीचा एजंट घरी येतो आणि मुलीच्या नावाने पॉलिसी निघते. बाप मात्र विम्याविना राहतो. बाप गेला तर त्या पॉलिसीचा पुढचा हप्ता भरणारेही कोणी उरत नाही. लहान मुलाच्या कमाईवर घर चालत नसते. म्हणून तरुण कुटुंबात विम्याचा पहिला रुपया कमावत्या आई-बापाच्या जिवावर लागला पाहिजे.

'आई-बापाच्या' असे आम्ही मुद्दाम म्हणतो. घरी विड्या वळणारी, धुणीभांडी करणारी किंवा शिवणकाम करणारी स्त्री कमावती आहेच. तिची कमाई थांबली तर घरात येणारा पैसा कमी होतो, शिवाय तिने विनामोबदला केलेले मुलांचे संगोपन कोणाला तरी करावे लागते. नवऱ्याचा विमा आहे म्हणून बायकोचा नको, हा हिशेब चुकीचा आहे.

किती रकमेचा? रक्कम महिन्यांत मोजा

दोन लाख, पाच लाख हे आकडे ऐकायला मोठे वाटतात. ती रक्कम घर किती महिने चालवेल, हा प्रश्न विचारला की खरे चित्र दिसते. उदाहरणासाठी एक काल्पनिक कुटुंब घेऊ. नवरा २९ वर्षांचा, टॉवेल कारखान्यात कामाला, महिन्याला १८,००० रुपये मिळवणारा. बायको विड्या वळून ५,००० रुपये मिळवते. मुले चार आणि एक वर्षाची. घरखर्च २०,०००. दोघांचाही पीएफ कापला जातो. गाडीचे आणि गटाचे मिळून २ लाख रुपये कर्ज आहे.

नवरा अचानक गेला तर त्याचा स्वतःचा खर्च वजा होऊन घराला साधारण १७,००० लागतील. बायकोचे ५,००० येत राहतील. महिन्याची तूट १२,००० रुपये, म्हणजे वर्षाची १,४४,०००. धाकटे मूल २२ वर्षांचे होईपर्यंत २१ वर्षे आहेत. बँकेत ठेवलेल्या रकमेवरचे व्याज महागाईत जिरते असे धरले तर:

- २१ वर्षांची तूट: ३०,२४,००० रुपये
- कर्जफेड: २,००,००० रुपये
- दोन मुलांच्या उच्च शिक्षणाची तरतूद: ५,००,००० रुपये
- एकूण गरज: ३७,२४,००० रुपये

यातून आधीच असलेली संरक्षणे वजा करायची. जीवन ज्योती योजनेचे २ लाख आणि पीएफसोबतच्या विम्याचे किमान अडीच लाख. उरतात ३२,७४,०००. म्हणजे या माणसाला साधारण ३५ लाखांचा विमा हवा. घाईत अंदाज घ्यायचा असेल तर वार्षिक कमाईची १५ पट धरावी. इथे २,१६,००० ची १५ पट ३२,४०,००० येते, म्हणजे आकडा जवळपास तोच.

बायकोसाठी हाच हिशेब केला तर तिच्या वर्षाच्या ६०,००० रुपयांची २१ वर्षांची बेरीज १२,६०,००० होते. तिचे जीवन ज्योती व पीएफचे साडेचार लाख वजा करून आणि मुलांच्या सांभाळाचा विचार करून किमान १० लाखांचा विमा हवा.

आता दोन लाखांकडे पुन्हा पाहा. महिन्याला १२,००० च्या तुटीत दोन लाख सोळा-सतरा महिन्यांत संपतात. धाकटे मूल तेव्हा अंगणवाडीतही गेलेले नसते.

निव्वळ मुदत विमा की पैसे परत देणारी पॉलिसी?

बाजारात नावे शेकडो आहेत, प्रकार मुळात तीनच.

१) मुदत विमा, म्हणजे टर्म प्लॅन. ठरलेल्या मुदतीत विमाधारकाचा मृत्यू झाला तर पूर्ण रक्कम मिळते, माणूस मुदत संपल्यावर सुखरूप असेल तर काहीही परत मिळत नाही. म्हणून हप्ता सर्वांत कमी.

२) बचतीची पॉलिसी. एंडोमेंट, मनीबॅक, 'चिल्ड्रन प्लॅन' ही तिचीच रूपे. मुदत संपल्यावर बोनससह रक्कम मिळते. विमा आणि बचत एकत्र असल्यामुळे हप्ता मोठा आणि विम्याची रक्कम लहान.

३) युलिप. हप्त्याचा काही भाग शेअर बाजारात जातो. परताव्याची हमी नाही. उत्पन्न तुटपुंजे आणि अनियमित असलेल्या घराने याच्या वाटेला जाऊ नये.

तिशीतल्या माणसाने वीस वर्षांच्या एंडोमेंट पॉलिसीत वर्षाला २४-२५ हजार भरले तर त्याला साधारण पाच लाखांच्या आसपास विमा मिळतो. वर्षभर पोटाला चिमटा काढून भरलेल्या हप्त्यावर बोनस धरून जेमतेम तीन-चार वर्षांचा घरखर्च निघतो. तंबाखू न घेणाऱ्या त्याच माणसाला ३५ लाखांचा मुदत विमा याच्या काही अंशात, वर्षाला काही हजार रुपयांत मिळू शकतो. नेमका हप्ता वय, तब्येत आणि कंपनीनुसार बदलतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारून घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी रद्द झाला आहे. जुन्या तक्त्यातला १८ टक्के कर कोणी सांगत असेल तर त्याला हे दाखवावे.

'मुदत संपल्यावर काहीच मिळत नाही, मग पैसे वाया गेले' ही तक्रार आम्ही रोज ऐकतो. गाडीचा विमा वर्षभर भरला आणि अपघात झाला नाही, तर पैसे वाया गेले असे आपण म्हणत नाही, बरे झाले म्हणतो. जिवाच्या विम्याचेही तसेच आहे. काही कंपन्या भरलेले हप्ते परत देणारा मुदत विमाही विकतात, पण त्याचा हप्ता बराच जास्त असतो. तीस वर्षांनी परत मिळालेल्या त्याच रकमेची किंमत तेव्हा कितीशी असेल, हा विचार करावा.

बचत हवीच, पण वेगळ्या डब्यात. बचतीच्या पारंपरिक पॉलिसीत परतावा साधारण पाच-सहा टक्के पडतो. पोस्टातला पीपीएफ सध्या ७.१ टक्के देतो. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी खाते वर्षाला किमान २५० रुपयांवर चालते आणि त्यावर ८.२ टक्के व्याज आहे. हे दर सरकार दर तिमाहीला ठरवते. एजंट मुदत विमा का सुचवत नाही, याचे एक कारण साधे आहे. हप्ता लहान, म्हणून त्याचे कमिशनही लहान. एजंट नात्यातला असला तरी हे गणित बदलत नाही.

आधी घरात काय आहे ते तपासा

नवी पॉलिसी घेण्यापूर्वी पुढच्या गोष्टी वहीत लिहून काढाव्यात. अनेक घरांत संरक्षण असते, पण कोणाला माहीत नसते.

*प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा.* वय १८ ते ५०, बँक किंवा पोस्टात बचत खाते असावे. वर्षाला ४३६ रुपये, कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास २ लाख. संरक्षण वयाच्या ५५ पर्यंत. विमा वर्ष १ जून ते ३१ मे असते आणि मे अखेरीस रक्कम आपोआप कापली जाते. खात्यात तेवढी शिल्लक नसेल तर संरक्षण थांबते आणि घरात कोणाला कळतही नाही. वर्षाच्या मध्येही सामील होता येते. सप्टेंबर ते नोव्हेंबर ३४२, डिसेंबर ते फेब्रुवारी २२८ आणि मार्च ते मे ११४ रुपये पडतात. नव्याने घेतल्यावर पहिल्या ३० दिवसांत अपघात सोडून अन्य कारणाने मृत्यू झाल्यास रक्कम मिळत नाही. दोन बँकांत दोनदा घेतला तरी दावा एकच मिळतो.

*प्रधानमंत्री सुरक्षा विमा.* वय १८ ते ७०, वर्षाला २० रुपये. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः अपंगत्वाला १ लाख. हा फक्त अपघाताचा विमा आहे, आजारपणातल्या मृत्यूला तो लागू नाही.

*पीएफसोबतचा विमा.* पीएफ कापला जात असेल तर १९७६ च्या ठेव संलग्न विमा योजनेत कामगाराकडून एक पैसाही न घेता विमा मिळतो. नोकरीत असताना मृत्यू झाल्यास, सलग वर्षभर सेवा झाली असेल तर किमान अडीच लाख आणि जास्तीत जास्त ७ लाख. शिवाय पत्नीला किंवा पतीला किमान १,००० रुपये पेन्शन आणि मुलांना पेन्शन असते. विडी कामगारांनाही पीएफचा कायदा लागू आहे. मजुरीतून पीएफ कापला जात असूनही ज्यांनी कधी यूएएन क्रमांक पाहिलेला नाही, अशा भगिनी सोलापुरात खूप आहेत. कारखानदाराकडून तो क्रमांक मागून घेणे आणि त्यावर वारस नोंदवणे हे पहिले काम.

*बांधकाम कामगार.* महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी जिवंत असेल तर कामावर मृत्यू झाल्यास वारसाला ५ लाख, नैसर्गिक मृत्यूला २ लाख मिळतात. नोंदणीचे नूतनीकरण राहिले की हक्क अडतो.

*कर्जासोबतचा विमा.* गटाचे, गाडीचे किंवा घराचे कर्ज देताना अनेक संस्था विम्याचा हप्ता कापून घेतात. कर्जदार गेला तर त्या विम्यातून कर्ज फिटते. काही गटकर्जांत पती-पत्नी दोघेही त्यात असतात. कागद न पाहिल्यामुळे विधवा बाई फिटलेल्या कर्जाचे हप्ते भरत राहते, असे घडते. म्हणून कर्ज घेतानाच विचारा: विमा आहे का, कोणाकोणाचा आहे, प्रमाणपत्र कुठे आहे?

विमा काहीच नसेल तेव्हाही दोन दारे आहेत. दारिद्र्यरेषेखालील घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत एकरकमी २०,००० रुपये, आणि पात्र विधवेला संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला १,५०० रुपये. दोन्हींचे अर्ज तहसील कार्यालयात होतात. ही मदत हक्काची आहे, पण तिच्यावर घर चालत नाही, हेही तितकेच खरे.

उत्पन्नाचा पुरावा नसेल तर?

मोठ्या रकमेचा मुदत विमा देताना कंपन्या पगाराची पावती, बँकेचे उतारे किंवा आयकर विवरणपत्र मागतात. काही योजनांना शिक्षणाचीही अट असते. रोख मजुरी घेणारा, दहावी न झालेला माणूस इथेच अडतो.

विम्याच्या धंद्यातला भेदभाव नवा नाही. ब्रिटिश काळात विदेशी कंपन्या भारतीयांकडून जादा हप्ता घेत. १८७० च्या सुमारास स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअलने भारतीयांना नेहमीच्या दराने विमा द्यायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या प्रुडेन्शियल कंपनीने १८८१ मध्ये कृष्णवर्णीयांना त्याच हप्त्यात एक तृतीयांश कमी रक्कम द्यायचे ठरवले. त्याच अमेरिकेत १८९८ मध्ये नॉर्थ कॅरोलिना म्युच्युअल ही कृष्णवर्णीयांची स्वतःची विमा कंपनी उभी राहिली. ज्यांच्या जिवाची किंमत व्यवस्था कमी धरते, त्यांनी ती स्वतः ठरवून घ्यावी लागते.

आजच्या घडीला मार्ग असे आहेत.

*सरल जीवन विमा.* विमा नियामक आयआरडीएआयच्या आदेशाने १ जानेवारी २०२१ पासून आयुर्विमा कंपन्यांना एकाच साच्याचा हा मुदत विमा ठेवावा लागतो. विमा रक्कम ५ लाखांपासून २५ लाखांपर्यंत, वय १८ ते ६५, अटी सर्व कंपन्यांत सारख्या, फक्त हप्ता वेगळा. व्यवसाय, शिक्षण, लिंग किंवा राहण्याचे ठिकाण यावरून नकार देता येत नाही. पहिल्या ४५ दिवसांत फक्त अपघाती मृत्यूला संरक्षण असते. एजंट स्वतःहून याचे नाव घेत नाही, नाव घेऊन मागावे लागते. वरच्या उदाहरणातल्या बायकोसाठी हा बरोबर बसतो.

*टपाल विमा.* टपाल जीवन विमा १ फेब्रुवारी १८८४ पासून चालू आहे. आधी तो सरकारी नोकरांपुरता होता, आता पदवीधर आणि पदविकाधारकांनाही घेता येतो. ग्रामीण भागात राहणाऱ्यांसाठी १९९५ पासून ग्रामीण टपाल जीवन विमा आहे, त्याची मर्यादा १० लाख. हे प्रामुख्याने बचतीचे विमे आहेत, पण हप्ता आणि बोनस यांची तुलना करायला पोस्टात जरूर विचारावे.

*पुरावा तयार करणे.* मजुरी शक्य तितकी खात्यावर घ्या. उत्पन्न करपात्र नसले तरी आयकर विवरणपत्र भरता येते. दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे हाती असली की विमा आणि घरकर्ज दोन्हींचा रस्ता मोकळा होतो. तोवर जीवन ज्योती आणि सरल जीवन विमा चालू ठेवावा.

अर्ज भरताना खोटे नको

विम्याचा अर्ज म्हणजे करार आहे. आजार, ऑपरेशन, आधीच्या पॉलिसी, धोक्याचे काम, व्यसन सगळे खरे सांगायचे. सोलापुरात मावा आणि तंबाखू इतका अंगवळणी पडला आहे की 'तंबाखू घेता का?' याला माणूस सहज 'नाही' म्हणून जातो. सिगारेट ओढत नाही एवढेच त्याच्या मनात असते. विमा कंपनीच्या दृष्टीने मावा, गुटखा, विडी, मिश्री सगळे तंबाखूच. खरे सांगितले तर हप्ता वाढतो. खोटे सांगितले आणि दोन वर्षांत मृत्यू झाला, तर दावा नाकारला जाऊ शकतो आणि त्याची शिक्षा विधवेला होते. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कंपनीला कोणत्याही कारणाने तिच्यावर हरकत घेता येत नाही. ही तरतूद गरिबाच्या बाजूची आहे, पण पहिली तीन वर्षे पार करावी लागतात.

अर्ज एजंटने भरला तरी सही आपली असते. कोऱ्या अर्जावर सही करू नका. उत्तरे मराठीत वाचून घ्या, भरलेल्या अर्जाची प्रत मागा. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती पसंत नसल्यास परत करता येते, किरकोळ खर्च वजा जाता पैसे परत मिळतात.

मुदत निवडताना धाकटे मूल कमावते होईपर्यंतची मुदत किमान धरावी, शक्य असल्यास वयाच्या ६० पर्यंत घ्यावी. हप्ता वर्षाचा भरला तर एकूण स्वस्त पडतो. एकदम पैसे निघत नसतील तर तीन किंवा सहा महिन्यांचा चालेल, पण मुदत चुकता कामा नये. मासिक हप्त्याला १५ दिवसांची आणि बाकींना ३० दिवसांची सवलत असते, त्यानंतर पॉलिसी बंद पडते.

वारस आणि कागद

लग्नाआधी घेतलेल्या पॉलिसीत, बँक खात्यात आणि पीएफमध्ये बहुधा वडिलांचे किंवा आईचे नाव असते. लग्नानंतर ते बदलायचे राहून जाते. नवरा गेल्यावर बाईला सासरच्या दारात उभे राहून स्वतःच्या मुलांचे पैसे मागावे लागतात. आम्ही पाहिलेल्या भांडणांत याहून कडू भांडण नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पती-पत्नी, आई-वडील किंवा मुले यांना वारस नेमले असेल तर विम्याच्या रकमेवर त्यांचाच हक्क राहतो. म्हणून नाव कोणाचे आहे हे फार महत्त्वाचे. आई-वडीलही अवलंबून असतील तर टक्केवारीने दोन-तीन नावे देता येतात. अज्ञान मुलाचे नाव दिले तर त्याच्या वतीने रक्कम घेणारी सज्ञान व्यक्ती नोंदवावी लागते.

अंगावर कर्ज असलेल्या तरुणाने आणखी एक तरतूद लक्षात ठेवावी. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली पत्नी-मुलांच्या नावे विमा घेतला तर ती रक्कम त्यांचीच राहते, सावकार किंवा बँक तिच्यावर हात टाकू शकत नाही. १९५९ च्या कायद्याने ही तरतूद बौद्धांनाही लागू झाली. त्यासाठी पॉलिसी घेतानाच वेगळा अर्ज द्यावा लागतो, नंतर देता येत नाही.

आपल्या समाजात विवाह विहारात किंवा मंगल कार्यालयात बौद्ध पद्धतीने होतो आणि नोंदणी राहून जाते. दाव्याच्या वेळी पत्नी असल्याचा पुरावा मागितला की धावाधाव होते. विवाह नोंदणी लगेच करावी. आधार, पॅन, बँक आणि पॉलिसी यांत नाव एकसारखे असावे. कुठे माहेरचे आडनाव, कुठे सासरचे, कुठे घरातले लाडाचे नाव, अशी गल्लत आजच दुरुस्त करून घ्यावी.

जुन्या पॉलिसीचे काय करायचे?

हा लेख वाचून बचतीची पॉलिसी घाईने मोडू नका. सुरुवातीच्या वर्षांत मोडली तर भरलेले बरेच पैसे बुडतात. आधी मुदत विमा मंजूर होऊन हातात येऊ द्या. मग शाखेत जाऊन तीन आकडे लेखी मागा: आज मोडली तर किती मिळतील, हप्ते थांबवून तशीच ठेवली तर मुदतीअंती किती मिळतील, आणि पूर्ण भरली तर किती? तीनही आकडे समोर ठेवून ठरवावे. मुदत संपायला दोन-चार वर्षेच उरली असतील तर बहुधा पूर्ण भरणेच बरे.

दावा आणि तक्रार

मृत्यूची नोंद महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करावी. दाखल्याच्या अनेक प्रती घ्याव्यात. दाव्याला मृत्यू दाखला, पॉलिसी, वारसाचे आधार-पॅन आणि बँक पासबुक लागते. अपघात असेल तर पोलिसांचा जबाब, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालही लागतो. जीवन ज्योतीचा दावा बँकेच्या शाखेतूनच होतो आणि तो शक्यतो ३० दिवसांत दाखल करावा. मृत्यूनंतर मिळणाऱ्या विम्याच्या रकमेवर आयकर नाही. दावा मंजूर करून देतो म्हणून कोणी टक्केवारी मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका.

कंपनीने दावा नाकारला किंवा रखडवला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. नियामकाच्या विमा भरोसा यंत्रणेत १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जावे. सोलापूर जिल्ह्यासाठी पुण्याचे कार्यालय आहे. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे विनामूल्य ऐकले जातात, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

वस्तीतल्या तरुण मंडळांकडे माणसे आहेत, विश्वास आहे, जयंतीच्या वर्गणीच्या निमित्ताने घरोघरी जाण्याची सवय आहे. त्याच फेरीत चार प्रश्न विचारता येतील: जीवन ज्योतीचे पैसे या वर्षी कापले गेले का? पीएफचा क्रमांक माहीत आहे का? वारस कोण आहे? कर्जाला विमा आहे का? मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात विहारातून एक सूचना द्यावी, 'खात्यात ४५६ रुपये शिल्लक ठेवा.' जीवन ज्योती आणि सुरक्षा या दोन्ही योजनांचे मिळून एवढेच होतात. लग्न जमले की वराकडच्यांना विवाह नोंदणी आणि वारस बदल यांची आठवण मंडळाने करून द्यावी.

आणि एखाद्या घरात मृत्यू झाला, तर जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाला जमलेल्यांपैकी एकाने तरी त्या घरातल्या बाईजवळ बसून कागदांची पिशवी उघडावी. पासबुकात मे महिन्यात ४३६ रुपये कापल्याची नोंद शोधावी, पगाराच्या पावतीवर पीएफ पाहावा, कर्जाचे कार्ड तपासावे. दुःख हलके करणारे शब्द सगळेच बोलतात. मुदतीत दाखल झालेला एक अर्ज त्या घरातल्या मुलांची शाळा चालू ठेवू शकतो.

सक्तीचा विमा बाबासाहेबांनी शासनाकडे मागितला होता आणि सर्व असंघटित कामगारांना वेतनाच्या प्रमाणात संरक्षण मिळावे, ही मागणी चळवळीने पुढे नेलीच पाहिजे. ती मान्य होईपर्यंत प्रत्येक तरुण कुटुंबाने आपला आकडा स्वतः काढावा: महिन्याची तूट गुणिले बारा, गुणिले धाकटे मूल कमावते होईपर्यंतची वर्षे. हा हिशेब पती-पत्नीने मिळून, एका कागदावर, या आठवड्यातच मांडावा आणि तो कागद पॉलिसीच्या पिशवीतच ठेवावा.